सोनी डब्ल्यू८०० छोटा कॅमेरा: शाळेच्या सहलीसाठी घेतला, आता घरात सगळेच वापरतात

आमच्या लेकीच्या शाळेत सहलीला मोबाइल न्यायला सक्त मनाई आहे पण कॅमेरा नेलेला चालतो, आणि हा नियम मला मनापासून पटतो, त्यामुळे तिच्या हातात बिनधास्त देता येईल असा साधा, हलका, फार महाग नसलेला कॅमेरा आम्ही शोधत होतो आणि शेवटी सोनी सायबरशॉट डब्ल्यू८०० घेतला. त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात तो सासूबाईंनी वापरला, माझ्या भाच्याने वापरला, बिल्डिंगमधल्या काकांनी त्यांच्या कॅननशी ताडून बघितला, आणि प्रत्येकाचं मत वेगळं निघालं. सध्या कॉलेजच्या पोरापोरींमध्ये जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची जी क्रेझ आलीये ना, त्यामुळे ओळखीतले लोक मला सारखे विचारतात की घेऊ का, कुठला घेऊ, सेकंडहँड मिळतोय तर चालेल का. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

घाईत असाल तर एवढंच वाचा. हा उजेडातला कॅमेरा आहे. सहल, पिकनिक, दिवसाचं लग्न, बारसं, वाढदिवस, देवदर्शन असले फोटो काढायचे असतील तर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. रात्रीचे कार्यक्रम, नाटकाचा रंगमंच, पक्षी किंवा व्हिडिओ ह्यासाठी घेत असाल तर नका घेऊ, आणि हे मी नाराजीने सांगत नाहीये, छोट्या कॅमेऱ्याच्या आतली रचनाच तशी असते, पुढे सांगते.

मॉडेल २०१४ सालचं आहे. २०.१ मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर (सेन्सर म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारा भाग, सीसीडी हा त्याचा जुना प्रकार), ५ एक्स ऑप्टिकल झूम म्हणजे २६ ते १३० मिमी, मागे २.७ इंचाची स्क्रीन, बॅटरी आणि कार्ड धरून वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आम्ही घेतला तेव्हा पाच-सहा हजारांच्या घरात मिळायचा. शर्टाच्या खिशात मावतो, मनगटात अडकवायची दोरी आहे, आणि ती दोरी मुलांना अडकवायला लावाच, कारण लेन्स बाहेर आलेली असताना कॅमेरा पडला तर लेन्सची नळी वाकते आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीएवढा होऊन बसतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याला अजिबात भुलू नका, हे मी दुकानात उभं राहूनही लोकांना सांगते. चार बाय सहाची प्रिंट ३०० डीपीआयला काढायला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण २२ लाख, सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाही. २० मेगापिक्सेल हवेत कशाला मग? फोटोतला एखादा कोपरा कापून मोठा करायचा असेल तर उपयोग होतो, हे खरं. पण आम्ही लेकीला सहलीला देताना मेनूत जाऊन साइज ५ मेगापिक्सेलवर ठेवतो, कार्ड भरायचं टेन्शन नाही आणि नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतानाही बरं पडतं. पूर्ण साइजला ठेवलं तरी १६ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. कार्ड मात्र विसरू नका, आतली मेमरी नावापुरती आहे, चार-दोन फोटो काढले की संपली.

आता फोटो कसे येतात ते. दिवसा छान येतात, खरंच छान येतात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला आम्ही दरवर्षी ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूला उभे असतो, सकाळचं कोवळं ऊन असतं, लेझीमवाल्या मुली, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, ढोलपथकाचे भगवे झेंडे, तिथले ह्या कॅमेऱ्यातले फोटो बघा तुम्ही. एका फोटोत समोरून येणाऱ्या बाईंच्या नथीतले मोती एक एक मोजता येतात आणि साडीचा काठ मागच्या पिवळ्या पताकांपासून स्वच्छ वेगळा उठून दिसतो. हा फोटो मी समोरच्या फुटपाथवरून झूम करून काढलाय. स्वस्त फोनमध्ये झूम केला की फोटो फाटतो कारण बऱ्याच स्वस्त फोनमध्ये झूम म्हणजे आहे तोच फोटो कापून मोठा केलेला असतो, इथे लेन्सची काच खरोखर पुढेमागे सरकते. पाच पटच आहे पण खरी पाच पट आहे. फक्त ऊन डोक्यावर आलं की पांढरे कपडे आणि आभाळ जळून पांढरंफट्ट होतं, सावलीतले चेहरे काळे पडतात. त्यावर उपाय म्हणजे उन्हातसुद्धा फ्लॅश मुद्दाम चालू करायचा, जवळच्या माणसाचा चेहरा लगेच उजळतो. ही युक्ती बऱ्याच जणांना माहीतच नसते, फ्लॅश म्हणजे रात्रीसाठी असंच समजतात.

सासूबाईंचं मत सगळ्यात चांगलं आहे ह्या कॅमेऱ्याबद्दल. फोनवर फोटो काढताना त्यांची बोटं लेन्सवर यायची, मध्येच कोणाचा तरी फोन यायचा, मग ते सगळं बंद होऊन भलतंच काहीतरी उघडायचं, आणि त्या वैतागून फोन माझ्याकडे द्यायच्या. ह्यात ईझी मोड म्हणून एक प्रकार आहे, त्यात स्क्रीनवरची अक्षरं मोठी होतात आणि नको ते पर्याय गायब होतात, बटण अर्धं दाबलं की चौकट हिरवी होते, पूर्ण दाबलं की फोटो. एवढंच. त्या आता उपवनला सकाळी फिरायला जातात तेव्हा घेऊन जातात, तळ्याचा पॅनोरमा काढतात, कॅमेरा हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवायचा आणि तो आपोआप लांबच लांब फोटो जोडतो. मध्ये कोणी चालत आलं तर त्या माणसाचे दोन तुकडे होतात, पण तळं आणि मागचा येऊरचा डोंगर मात्र अख्खा येतो. सासूबाई म्हणतात, "ह्याला फक्त फोटोच काढता येतात म्हणून मला हा जमतो गं." मला वाटतं वयस्कर माणसांसाठी कॅमेरा घेणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अंधार. इथे बहुतेक लोकांचा हिरमोड होतो आणि मग ते कॅमेरा बेकार आहे म्हणून मोकळे होतात. लेकीचं गॅदरिंग घाणेकर नाट्यगृहात होतं, आम्ही मधल्या रांगेत बसलेलो, आणि ह्यांनी तिथून पूर्ण झूम करून तिचा नाच टिपायला घेतला. सगळे फोटो हललेले, दाणेदार, चेहरा ओळखू येईना. कारण काय, तर ह्या लेन्सचं तोंड झूम न करता एफ ३.२ एवढं उघडतं आणि पूर्ण झूम केलं की एफ ६.४ वर येतं (एफचा आकडा जितका मोठा तितकं तोंड लहान). ऐकायला दुप्पट वाटतं पण आत येणारा उजेड निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणजे आधीच हॉलमध्ये अंधार, त्यात झूम करून आपणच तीन हिस्से उजेड बाहेर ठेवला. मग कॅमेरा बिचारा दोन गोष्टी करतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो म्हणून नाचणारी मुलगी हललेली येते, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवतो म्हणून दाणे येतात. सेन्सर आहे १/२.३ इंच प्रकारचा, करंगळीच्या नखाहूनही लहान, त्यावर दोन कोटी पिक्सेल कोंबलेत, प्रत्येकाच्या वाट्याला उजेड येणार किती?

आणि फ्लॅश? फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरच्या पुढे पुरत नाही. नाट्यगृहात मधल्या रांगेतून फ्लॅश मारला की पुढच्या लोकांची डोकी लख्ख उजळतात आणि रंगमंच आणखी काळा दिसतो, शिवाय बाकीच्यांना त्रास. म्हणून गॅदरिंगला हा कॅमेरा न्यायचाच असेल तर पुढे जाऊन बसा, झूम करू नका, फ्लॅश बंद ठेवा, प्रोग्राम ऑटो मोडला टाकून आयएसओ ८०० च्या आसपास ठेवा, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवा आणि मुली नाच संपवून शेवटच्या पोझमध्ये थांबतात ना तेव्हाच बटण दाबा. असे काढलेले फोटो अल्बमला लावण्याइतके येतात. आत्ताचे महागडे फोन इथे हमखास चांगला फोटो देतात कारण ते एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा मिळून एक करतात, हा बापडा एकच घेतो.

माझा भाचा खारघरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्याचं म्हणणं माझ्या बरोबर उलटं. त्याच्या ग्रुपमध्ये ह्याच कॅमेऱ्याची मारामारी असते कारण काय तर सीसीडी सेन्सर. त्यांना तो जुन्या फोटोंसारखा लुक हवा असतो, फ्लॅशने चेहरे चमकलेले, मागे काळोख, रंग जरा गडद. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जी तरुणाईची गर्दी होते तिथे तो आमचाच कॅमेरा घेऊन गेला होता, आणि मला मान्य करायलाच हवं की ते फोटो गोड आलेत. झब्बे, सिल्कच्या साड्या, गजरे, सगळे एकमेकांना खेटून उभे, फ्लॅशच्या टप्प्यात, त्यामुळे प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट. पण त्याला मी एक सांगितलं आणि इथेही सांगते, तो लुक नुसत्या सेन्सरमुळे येत नाही, कॅमेरा आतल्या आत रंग कसे तयार करतो आणि फ्लॅश किती जवळून पडतो ह्याचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून कोणी फक्त "सीसीडी आहे" एवढ्या दोन शब्दांवर जुन्या कॅमेऱ्याला नव्यासारखी किंमत मागत असेल तर देऊ नका. सीसीडीची एक खोड पण आहे, समोर प्रखर दिवा असला की स्क्रीनवर आणि व्हिडिओत दिव्यातून वर-खाली एक उभी पांढरट-जांभळी रेघ येते. कंदिलांच्या माळा शूट करताना ती हमखास दिसते. तो बिघाड नाहीये, असल्या सेन्सरला तसं होतंच.

व्हिडिओबद्दल फार लिहीत नाही. ७२० पी आहे, फाइल एव्हीआय प्रकारची बनते, जागा खूप खाते. व्हिडिओसाठी फोनच वापरा.

बिल्डिंगमधल्या काकांकडे कॅननचा इक्सस १८५ आहे. तोही ह्याच गटातला, २० मेगापिक्सेल, सीसीडी, पण झूम ८ एक्स म्हणजे २८ ते २२४ मिमी. रिटायर झाल्यापासून काकांना पक्ष्यांचा नाद लागलाय आणि हिवाळा सुरू झाला की त्यांचं फ्लेमिंगो फ्लेमिंगो सुरू होतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, तेव्हापासून काका ऐरोलीला जैवविविधता केंद्रावर आणि नेरूळला डीपीएस तलावावर आम्हाला पण ओढून नेतात. तिथे दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी धरून बघितले. आमच्या सोनीत फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर सांडलेले गुलाबी ठिपके, चोच कुठली नि पाय कुठले ते कळत नाही. काकांच्या कॅननमध्ये पक्षी आहे एवढं कळतं, वाकलेली मानही दिसते, पण पूर्ण झूमला हात जरा हलला की सगळं धूसर, कारण त्या मॉडेलमध्ये हाताची थरथर सावरणारी ऑप्टिकल सोय नाही. काका कठड्यावर कॅमेरा टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावतात, म्हणजे बटण दाबतानाचा धक्कासुद्धा लागत नाही, तेव्हा कुठे एखादा फोटो हाती लागतो. पक्ष्यांची खरी हौस असेल तर असल्या खिशातल्या कॅमेऱ्यांच्या वाटेला जाऊच नका, मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा (खिशातल्यापेक्षा मोठा, पण लेन्स न बदलता येणारा) बघा, थोडे पैसे साठवून उशिरा घेतलात तरी चालेल पण तोच घ्या.

चार्जिंगचं मात्र मला सोनीचं आवडतं. बॅटरी काढायची गरज नाही, सोबत आलेली यूएसबी केबल लावली की कॅमेऱ्यातच चार्ज होते, पॉवर बँकही चालते. काकांच्या कॅननची बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरला लावावी लागते, तो चार्जर घरी राहिला की संपलंच. कंपनी एका चार्जिंगमध्ये २०० फोटो सांगते. फ्लॅश सारखा वापरला आणि मुलांनी काढलेला प्रत्येक फोटो दहा वेळा उघडून बघितला तर त्याच्या बरेच आधी संपते, दिवसभराच्या सहलीला एक जादा बॅटरी दिलेली बरी. बॅटरीचा नंबर एनपी-बीएन. इथे सांभाळा, माझ्या जावेने कोपरखैरण्याला एका दुकानातून तिच्या कॅमेऱ्यासाठी डुप्लिकेट बॅटरी घेतली, डब्यावर सगळं ओरिजिनलसारखं छापलेलं, काही महिन्यांत ती फुगून आतच अडकली. दुकानदाराने बिल दिलं नव्हतं म्हणून बदलूनही दिली नाही. बिलाशिवाय बॅटरी घेऊ नका आणि जराशी जरी फुगलेली वाटली तरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.

फोटो फोनवर घेणं हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. ह्यात वायफाय नाही. कार्ड काढून टाइप सी कार्ड रीडरमध्ये घालायचं आणि फोनला लावायचं, दोन-तीनशे रुपयांत रीडर मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे. जावेला हेच झंझट वाटतं, तिचं म्हणणं की फोटो काढला की लगेच ग्रुपवर गेला पाहिजे, नाहीतर उपयोग काय. तिच्यासारखं ज्यांना लगेच पाठवायचं असतं त्यांच्यासाठी हा कॅमेरा नाहीच. आमच्याकडे उलट झालंय, सहलीहून आल्यावर लेक कार्ड लावून टीव्हीसमोर सगळ्यांना बसवते आणि एकेक फोटो दाखवत गोष्ट सांगते, मला ते फार आवडतं.

आपल्या ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायचीये ती पावसाळ्याची. खाडी जवळ, चार महिने हवा ओली, आणि कॅमेरा रेक्झिनच्या कव्हरात घालून कपाटात कपड्यांमागे ठेवलेला असतो. लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात आणि एकदा आत शिरली की बाहेरून पुसून काही होत नाही, छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करणंही परवडत नाही. आम्ही घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा कव्हराशिवाय ठेवतो, निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं, ते बदलायचे. अधूनमधून बाहेर काढून चार फोटो काढायचे, झूम पुढेमागे करायचा. आमच्या लेन्सवर अजून एक डाग नाही.

आता सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, कारण नवा आता दुकानात सहज दिसत नाही. घरपोच मागवण्यापेक्षा समोर बसून बघून घ्या, चांगल्या सोसायटीतल्या माणसाकडून असला तरी. आधी चालू-बंद करून बघा, लेन्स सरळ बाहेर यायला हवी, खरखर आवाज किंवा मध्येच अडकणं नको. मग फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा, आत तंतू किंवा ढगाळपणा दिसला तर तिथूनच नमस्कार करा. पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूम करून काढा आणि मोठा करून बघा, राखाडी ठिपका दिसला तर सेन्सरवर धूळ आहे, ती घरी निघत नाही. फ्लॅश उडतो का, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, केबल लावल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो का, सगळं तिथल्या तिथे. स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि काढलेले फोटो तिथेच फोनवर उघडून बघा, त्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात.

किमतीचं म्हणाल तर नव्याच्या जुन्या भावापेक्षा जास्त पैसे देऊ नका, रील्समुळे काही लोक वाट्टेल ते मागतात. त्याच सोनीचा डब्ल्यू८३० चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर मी तर म्हणेन हजार रुपये वर देऊन तो घ्या, त्यात ८ एक्स झूम आहे आणि हाताची थरथर सावरणारी ऑप्टिकल सोयही आहे, लहान मुलं आणि वयस्कर माणसं वापरणार असतील तर त्या सोयीचा खूप फरक पडतो.